बुजवलेला खड्डा

विशाखानं हे घर भाड्यानं घेतलं ते मागच्या जागेवर जीव जडला म्हणून. बाकी घरात घेण्यासारखं काही नव्हतं. दोन खोल्या, वर पत्रे, उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे. पण मागचं दार उघडलं की थेट बोळाच्या भिंतीपर्यंत मोकळी काळी जमीन. काही वर्षांमागं तिथं ज्वारी उभी असायची. लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादहून कचेऱ्या निघून आल्या, त्यांच्या मागोमाग माणसं आली आणि घरं शोधत गावभर फिरू लागली. तेव्हा ईश्वरप्पांनी आपल्या वावराचे प्लॉट पाडले, एका कडेला म्हशींचा गोठा तेवढा ठेवला आणि त्याच्या शेजारी हे जोडघर बांधून भाड्यानं दिलं. एका बाजूला कॉलेजात शिकवणारे श्रीपाद सर आणि त्यांची बायको सौदामिनी. दुसऱ्या बाजूला विशाखा आणि तिचा नवरा व्यंकटी.

घर बघायला आली तेव्हा विशाखा खोल्यांत डोकावली न डोकावली आणि मागच्या दारातून बाहेर जाऊन उकिडवी बसली. मुठीत माती घेऊन चुरायला लागली.

"बाई, घर बघून राहिलात की रान?" ईश्वरप्पांनी हसून विचारलं होतं.

तिचा बाप दगडोबा जन्मभर सालगडी होता. अहमदपूरजवळच्या गावात दुसऱ्याच्या रानातलं ढेकूळ न् ढेकूळ त्याच्या ओळखीचं, पण मेला तेव्हा त्याच्या नावावर मूठभर माती नव्हती. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन त्यानं देव्हारा उचलून विहिरीत सोडला होता, आणि पुढं मुलगी झाली तेव्हा तिचं नाव हौसेनं विशाखा ठेवलं होतं. ती शिकली, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागली. व्यंकटी एस.टी.त कंडक्टर. आठवड्यातले निम्मे दिवस तो मुक्कामी गाडीवर, आज निलंगा तर उद्या देगलूर. तो नसला की विशाखाला घर खायला उठे. पुस्तक उघडावं तर डोळे ओळींवरून घसरत. बसल्या जागी तिची बोटं खाटेच्या कडेवर नुसती आपटत राहायची, जणू समोर मशीन आहे.

म्हणून तिनं मागं भाजी लावायची ठरवली. साल मात्र चुकीचं निवडलं. पाऊस आदल्या वर्षी रुसलेला, त्याही आदल्या वर्षी अर्धाच आलेला. नळाला पाणी येईनासं झालं होतं. कोपऱ्यावर टँकर आला की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन पळत. अशा दिवसांत ही बाई वांग्याची रोपं आणते म्हटल्यावर गल्ली हसणारच.

"पिण्याचं पाणी मी थेंबभर घालणार नाही," ती सगळ्यांना सांगायची. "अंघोळीचं, भांड्याचं, तांदूळ धुतलेलं. तेच."

पण पाणी घातलं की वाळून जायचं. काळी माती भेगाळली की हात आत जाई. तिला कुणीतरी सांगितलं होतं, जमिनीत खत मुरलं की ती पाणी धरून ठेवते. तेव्हा तिनं भिंतीला लागून स्वतःच्या हातानं खड्डा खणला. कचेरीतून आली की पदर खोचायचा आणि कुदळ घ्यायची. हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी मशीनच्या किल्ल्या दाबताना कळ निघायची. तरी तिला त्या दिवसांत बरं वाटायचं. निदान खणताना मन दुसरीकडं पळत नसे.

होळी झाल्यावर गावची विहीर आटली आणि व्यंकटी सासूला घेऊन आला. कोंडाबाईनं गाठोडं आत ठेवलं, पाणी प्यायली आणि लेकीचं घर बघत बघत मागच्या दारात आली. खड्ड्याकडं बघून तिथंच थांबली.

"हे काय हाय?"

"कंपोस्टचा खड्डा, माय. पालापाचोळा, भाजीची देठं, शेण, सगळं टाकायचं. कुजून खत होतं."

"उकिरडा म्हण की."

"उकिरडा नुसता ढीग असतो. हे थर लावून…"

"मला नको शिकवू. शेणाच्या पाट्या वाहून माझ्या डोक्याचे केस गेले." मायनं कपाळावरचा पदर मागं सारून टाळू दाखवली. "मी वाहिल्या म्हणून तू खुर्चीवर बसलीस. आता तू खुर्चीवरून उठून पुन्हा तिथंच बसून राहिलीस?"

"हे दुसऱ्याचं न्हाई, माय. आपलं हाय."

"ईश्वरप्पाचं हाय," माय म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून ती मागच्या दाराला गेलीच नाही. दिवसभर पुढच्या पायरीवर बसून रस्ता बघायची. तीही लेकीसारखीच, हात रिकामे असले की अस्वस्थ. पायरीवर बसल्या बसल्या पायाचा अंगठा मातीत फिरवायची, उठायची, घरातून फेरी मारून पुन्हा बसायची. मागं मात्र पाऊल टाकायची नाही.

खड्डा पहिल्यांदा बिघडलाच. विशाखानं हावरेपणानं त्यात सगळं ओलं ओलं कोंबलं, शेण, सालं, शिळं कालवण. आठ-पंधरा दिवसांत त्याला असा काही वास सुटला की मागचं दार उघडवेना. पांढऱ्या अळ्या वर आल्या. एका सकाळी मधल्या बुटक्या भिंतीपलीकडून सौदामिनीनं हाक मारली.

"विशाखाताई, राग मानू नका हं. वास येतो हो फार. ह्यांना दमा आहे."

एवढंच म्हणाली, तेही ओशाळून. पण विशाखाला त्या दिवशी कचेरीत काही सुचलं नाही. वास येतो म्हणाली ते खड्ड्याबद्दलच ना, की अजून कशाबद्दल? सौदामिनी तशी बाई नव्हती. हळदीकुंकवाला बोलावत नसली तरी बोलणं मोकळं होतं, एकदा ताप आला तेव्हा पेजेचं भांडं भिंतीवरून दिलं होतं. तरीही ते वाक्य विशाखाच्या डोक्यात दिवसभर टोचत राहिलं. तिनं एकच कागद दोनदा चुकवला.

संध्याकाळी ती रसवंतीवर गेली आणि उसाच्या चोयट्यांचं पोतं घेऊन आली. डाळमिलच्या मागं झाडून टाकलेला भुस्सा आणला. कडुनिंबाचा वाळका पाला गोळा केला, चुलीची राख घेतली. तोंडाला पदर बांधून तिनं सगळा खड्डा उपसला आणि पुन्हा भरला, ओल्यावर सुकं, सुक्यावर ओलं, मध्ये मातीचा पातळ हात. चार दिवसांत वास गेला. एका सकाळी तिनं आत हात घातला तर पटकन बाहेर काढावा लागला. चुलीतल्या राखेसारखी ऊब होती. ती धावत पुढं गेली.

"माय, हात घालून बघ, आत तापलंय!"

"ताप आला आसंल," माय म्हणाली. पण ओठ जरा हलले.

एप्रिल उजाडला. वांगी जीव धरून होती, भेंडीला चार पानं फुटली होती, दोडक्याचा वेल दोरी शोधत होता. नेमकं तेव्हाच श्रीपाद सरांचे काका वसंतराव नांदेडहून राहायला आले. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे गृहस्थ. सकाळी धोतराचा सोगा धरून मागच्या अंगणात फेऱ्या मारायचे, विशाखा दिसली की "काय म्हणतात वांगी?" असं विचारायचे. त्यांच्या पुतण्याच्या शेजारी कोण राहतं हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या पायरीवर दिवसभर बसणारी म्हातारी मात्र त्यांनी पाहिली नव्हती. ते पुढं फिरकत नसत, आणि ती मागं येत नसे.

त्या दिवशी सकाळपासून सगळंच बिनसलं होतं. टँकर आला नाही. साहेब दौऱ्यावर जाणार होते, अहवाल दहाच्या आत हवा होता. ईश्वरप्पांच्या गोठ्यातून शेणाची पाटी आणून ठेवलेली, ती उन्हात वाळून चालली होती. विशाखा वेणी घालता घालता म्हणाली,

"माय, एवढी पाटी तेवढी खड्ड्यात टाक की. मला उशीर झालाय."

मायचा अंगठा मातीत फिरत राहिला.

"एकदाच. दोन पावलं तर हाय."

"तू जा," माय म्हणाली.

विशाखा गेली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा पुढची पायरी रिकामी होती. माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, केस ओले, लुगडं ओलं, अंगाखाली पाण्याचा डाग. विशाखा मोरीत गेली. पाण्याचं टिपाड तळापर्यंत रिकामं. पिण्याची घागरसुद्धा पालथी. तिला काही कळेना. ती मागचं दार उघडून बाहेर गेली. खड्डा नव्हता. त्या जागी मातीचा ढिगारा, वरून पायानं दाबून, कुदळीनं थोपटून घट्ट केलेला. भरावाला माती लागली म्हणून भेंडीचा अर्धा वाफा खणून नेलेला. रोपं मुळासकट आडवी पडली होती.

"माय! हे कुणी केलं?"

"मी."

"कशापायी?"

मायनं मान भिंतीकडं वळवली.

"आणि पाणी? सगळं पाणी अंगावर ओतून घेतलंस? उद्या काय पिऊ आम्ही?"

माय भिंतीकडं बघत होती. एक हात दुसऱ्या हातावर घासत होती, घासतच होती. विशाखानं ते पाहिलं, पण तिच्या डोक्यात राग एवढा उसळला होता की पाहूनही दिसलं नाही. ती बोलत सुटली. मी राबून हे उभं केलं. तुला बघवत नव्हतं तर तसं म्हणायचंस. तू मला खुर्चीवर मांडून ठेवायला शिकवलंस का, देव्हाऱ्यातल्या देवासारखं? शेवटी म्हणाली, "तुला इथं करमत न्हाई तर गावाला जा. पण माझ्या हातचं असं मोडू नको."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीतून आली तेव्हा गाठोडं नव्हतं आणि मायही नव्हती.

पुढचे दिवस विशाखाला ना धड रागावता येईना, ना धड रडता येईना. गेली तर जाऊ दे, असं म्हणत ती मोडलेली भेंडी उचलायला बसायची आणि उचलता उचलता मध्येच उठून घरात यायची. घरात आली की दारात जायची. शेजारून सौदामिनी दिसेनाशी झाली होती. कपडे वाळत घालायला यायची तीसुद्धा विशाखा आत आहे असं बघून. वसंतरावांच्या फेऱ्या तेवढ्या चालू होत्या.

व्यंकटी ड्यूटीवरून आला तेव्हा त्यानंच सांगितलं.

"माय माझ्याच गाडीत होत्या. मी विचारलं, मामी, एकट्याच कशा? तर म्हणाल्या, लातुरात जीव लागंना. पण विशाखा, त्यांचं काहीतरी बिनसलंय. अहमदपूर येईपर्यंत त्या हात घासत होत्या. लुगड्याला, सीटला, खिडकीच्या गजाला. मी पाणी दिलं तर प्यायल्या न्हाईत, हातावर ओतून घेतलं."

विशाखानं रजा टाकली आणि सकाळची गाडी धरली.

गावात माय घराच्या सावलीला बसली होती. लेक आलेली बघून उठली नाही, चेहरा तेवढा हलला. गावातही पाणी नव्हतं, टँकरनं विहिरीत ओतलेलं गढूळ पाणी निवळत ठेवलं होतं. विशाखानं त्यातलं घोटभर घेतलं आणि मायच्या समोर जमिनीवरच बसली.

"मी लई बोलले."

"हाव."

"पण तू काहीतरी सांगितलं न्हाईस."

मायनं हात मांडीवर घेतले. मग हातांकडं बघत सांगू लागली.

"तू म्हणलीस पाटी टाक. मी डोक्यावर घेतली न् मागं गेले. टाकत होते तर पल्याडून एक म्हातारा आला. धोतरवाला. म्हणला, बाई, जरा ऐका. मागं बोळात कुत्रं मरून पडलंय, वास मारून राहिलंय. तेवढं उचलून नाल्यात टाका. लई गोड बोलला ग. शिवी न्हाई, काही न्हाई."

विशाखाचे कान तापले. "मग तू काय म्हणलीस?"

"काही न्हाई म्हणले. मी काही म्हणायच्या आत हात पुढं झाले." मायनं दोन्ही तळहात उघडून लेकीपुढं धरले. "तीस वर्षं झाली. तुझ्या बापानं सारं गाव गोळा करून सांगितलं, आजपासून मेलेलं ढोर वढायचं न्हाई. लोकांनी पाणी बंद केलं, काम बंद केलं, आम्ही उपाशी राहिलो पण हात लावला न्हाई. आन् तीस वर्षांनी एका माणसानं बाई ऐका म्हणलं न् मी गेले. तंगडी धरली. फरपटत नेलं. नेताना पण काही वाटलं न्हाई. परत येताना वाटलं."

"माय…"

"थांब. परत आले तर तो आत कुणाला तरी म्हणला, बाईला भाकरी द्या. ती तुझी शेजारीण आली. माझ्याकडं बघितलं. वळखलं तिनं मला, रोज पायरीवर बघती ती. वळखलं, न् खाली बघून वरूनच भाकर सोडली. मी पदर पसरला." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "पदर पसरला मी, विशाखा. तुझ्या बापाच्या बायकोनं."

समोरून शेळ्या गेल्या, धूळ उडाली.

"ती भाकर मी खाल्ली न्हाई. तुझ्या खड्ड्यात टाकली, न् वरनं माती लोटली. लई लोटली. मग अंग धुतलं. पाणी कधी सरलं, कळलं न्हाई मला."

विशाखानं मायचे हात धरले. पाटी टाक असं आपण म्हणालो होतो, वेणी घालता घालता, मागं न बघता, हे तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. तिनं मायला चल म्हटलं. माय नाही म्हणाली. दुपारच्या गाडीनं ती एकटीच निघाली आणि लातूर येईपर्यंत खिडकीशी एकदाही टेकून बसली नाही.

घरी न जाता ती थेट शेजारच्या दाराशी उभी राहिली. वसंतराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते. श्रीपाद सर पोथीसारखे गठ्ठे पसरून उत्तरपत्रिका तपासत होते.

"या, या," वसंतराव म्हणाले. "वांगी काय म्हणतात?"

"काका, त्या दिवशी तुम्ही बोळातलं कुत्रं उचलायला सांगितलंत ती माझी आई."

वसंतरावांचा हात पेपरसकट खाली आला. चेहरा खरोखर पडला. "अरे अरे. मला काही कल्पना नाही हो. डोक्यावर शेणाची पाटी होती, मला वाटलं कामाची बाई. माहीत असतं तर मी कशाला सांगितलं असतं?"

"माहीत असतं तर कुणाला सांगितलं असतं?"

वसंतरावांनी पेपरची घडी घातली. श्रीपाद सर उठून उभे राहिले होते, हातातलं लाल पेन तसंच उघडं. विशाखाला वाटलं होतं आपण ओरडू, निदान रडू. तसं काहीच झालं नाही. तिचा आवाज कचेरीत मजकूर वाचून दाखवावा तसा सरळ निघत होता आणि त्याचंच तिला भय वाटत होतं. ती वळली आणि आपल्या घरात गेली.

दुसऱ्या दिवशी वसंतराव नांदेडला गेले. जाताना विशाखाच्या दाराशी क्षणभर थांबले, मग रिक्षात बसले. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांच्याबरोबरच गेलं.

सौदामिनी आली ती त्यानंतर, मागच्या भिंतीशी. डोळे सुजलेले.

"विशाखाताई, काकांना माहीत नव्हतं. मला होतं. मी त्यांना ओळखलं आणि काकांसमोर बोलायची हिंमत झाली नाही. मी तुमच्याबरोबर गावाला येते. त्यांची माफी मागते."

विशाखा वांग्याला राख टाकत होती. हात न थांबवता म्हणाली, "नका येऊ."

"का?"

"तुम्ही दाराशी आलात तर माय उठून उभी राहील. पदर सारखा करील, बसायला पोतं झटकून देईल, चहा ठेवील. तुम्ही माफी मागाल आणि ती तुमचीच समजूत घालत बसेल. तेवढं पुन्हा तिच्याकडून करून घेऊ नका."

सौदामिनी निघून गेली. त्यानंतर भिंतीवरून बोलणं टँकर आला-गेला एवढ्यापुरतंच उरलं.

बुजवलेल्या खड्ड्याला विशाखानं हात लावला नाही. तो उकरायचा म्हटलं की तिला कसंसंच व्हायचं. दुसरा खड्डा खणायचंही मनात येईना. भाजीला ती नुसतं सांडपाणी घालत राहिली. कचेरीत काम वाढलं होतं. तळ्यांचे, बंधाऱ्यांचे कोरडे आकडे टाइप करून करून तिची बोटं बधिर व्हायची, आणि घरी आली की ती पिंजऱ्यातल्यासारखी ह्या दारातून त्या दारात फिरायची. व्यंकटी म्हणायचा, "अग, जरा टेक." ती टेकायची आणि उठायची.

पाऊस उशिरा आला आणि हात राखून आला. तरी जमीन मऊ झाली. एका रविवारी व्यंकटीनंच फावडं घेतलं. "आता असं किती दिवस ठेवणार? मी काढतो, तू आत जा." ती आत गेली नाही. दोघांनी मिळून वरची माती बाजूला केली. खाली काय निघेल याची तिला धास्ती होती, पण खाली सगळं काळंभोर, भुसभुशीत झालं होतं. चोयट्या ओळखू येत नव्हत्या, शेण नाही, सालं नाहीत. झाकलं गेल्यामुळं ऊब आणि ओल दोन्ही आत कोंडून राहिली होती. विशाखा हातानं चाळत राहिली, उगाचच, काहीतरी शोधत. भाकरीचा मागमूस नव्हता.

तिनं ते खत वाफ्यांत मुरवलं. श्रावणात वांगी लगडली, दोडके भिंतीवरून पलीकडं गेले. पलीकडचे दोडके सौदामिनी तोडून भिंतीवर आणून ठेवायची, एकही घरात न्यायची नाही.

गावचा टँकर बंद झाला, विहिरीला मात्र अजून पाणी चढलं नव्हतं. पोळा झाल्यावर व्यंकटी पुन्हा एकदा सासूला घेऊन आला. विशाखानं भरलं वांगं केलं. माय दोन भाकरी जेवली, बोटं चाटली.

"घरचं हाय, माय. दाखवू का?"

"खायला दे," माय म्हणाली. "दाखवू नको."

विशाखानं आग्रह केला नाही. मायनं मागं जायचं नाही हे आता घरात ठरूनच गेलं. खड्ड्याचं, शेणाचं, पाटीचं सगळं विशाखा स्वतः करायची, आणि करून झालं की हात धुऊन मगच मायजवळ बसायची.

एका सकाळी माय पुढच्या पायरीवर शेंगा निवडत बसली होती आणि विशाखा आत कचेरीची तयारी करत होती. फाटक वाजलं. सौदामिनी मागून नव्हे, पुढून आली होती. हातात काही नव्हतं. पायरीपुढं उन्हात उभी राहिली.

विशाखा दाराआड थबकली. बाहेर जावं असं तिला वाटलं, मायला सांभाळून घ्यावं, सौदामिनीला परत पाठवावं. पण ती हलली नाही.

"कोंडाबाई," सौदामिनी म्हणाली, मग थांबली. "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं. मी बोलायला हवं होतं. मी तुम्हाला वरून भाकरी टाकली. माझं फार चुकलं."

मायच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं वर बघितलं. सौदामिनी उन्हात उभी, माय सावलीला बसलेली.

"वळखलं होतंस हे मला ठाव हाय," माय म्हणाली. "बरं झालं तूच म्हणलीस."

"मला माफ करा."

"ते मला आज न्हाई सांगता यायचं," माय म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जा तू. ऊन लागून राहिलंय तुला."

सौदामिनीनं मान हलवली आणि फाटक लावून गेली.

विशाखा बाहेर आली. माय अजून तशीच बसली होती, पण दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट दाबून धरले होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"माय, काय झालं?"

"उठून राहिले होते ग पाय," माय म्हणाली. "ती आली तसे उठून राहिले होते. दाबून धरले मी."

मग तिनं हात सोडले, गुडघे चोळले आणि एकदम उभी राहिली. अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भराभर चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. विशाखाला कचेरीला उशीर होत होता. ती पायरीवर बसली आणि राहिलेल्या शेंगा निवडायला लागली.